गाडी निजवण्याचे दिवस

मे महिना उतरणीला लागला की लोकांना हापूस आठवतो, माहेर आठवतं, सुट्टीला आलेली नातवंडं आठवतात. मला माझी कंबर आठवते. कॅलेंडर बघावंच लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठताना पाठीच्या खालच्या टोकाला एक कळ येते आणि मी मनाशी म्हणते, आलं बाई, गाडी निजवायचं आलं.

आमच्या घरात हा शब्दच रुळलाय. पावसाळ्याच्या तोंडावर जुनी पद्मिनी मोटार शेडमध्ये घ्यायची, धुवायची, सुकवायची, तिची चाकं जमिनीवरून उचलायची आणि दसऱ्यापर्यंत तिला झाकून ठेवायची. ह्या सगळ्या उपद्व्यापाला आमचे हे ‘गारी निजवायची’ म्हणतात, तान्हं मूल निजवावं तसं. फरक इतकाच, की मूल निजलं की आई घटकाभर मोकळी होते. इथं निजवणारीच आडवी पडते.

आमचं गाव खाडीच्या काठाला, कामणच्या अलीकडे. ह्या दिवसांत इकडे जो तो काहीतरी झाकत असतो. अर्नाळ्याला कोळी होड्या वर ओढून शाकारतात. घरोघरी आगोट भरायची घाई असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकट, बोंबील, कांदे, मसाला, सरपण. माझं माहेर मिठागरावरचं. पावसाआधी माझे बाबा मिठाच्या राशींवर गवत रचायचे, आणि शेवटची रास झाकून झाली की तिथंच बांधावर उताणे पडायचे. आई हाका मारायची, तरी उठायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, बाबा आळशी आहेत. आता मी स्वतः शेडच्या ओट्यावर पाय पसरून बसते तेव्हा कुणी हाक मारली तर ऐकू आली नाही असं दाखवते.

ही गाडी घरात आली तेव्हा आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्यानं वापरलेलीच होती. रंग सायीसारखा, दारं जड, बंद करताना धप् असा भरदार आवाज. गावात तेव्हा बैलगाड्या होत्या, एखाददुसरी मोटरसायकल होती. ह्यांनी तिला अंगणात आणून उभं केलं आणि सासूबाईंनी तिच्या चाकांवर पाणी ओतून, नारळ फोडून तिला घरात घेतलं. मला घरात घेतलं तेव्हाही असाच सोहळा झाला होता. पण पुढच्या पावसाळ्यात गाडीला चार महिने विश्रांती मिळाली आणि मला शेतात लावणीला पाठवलं, ही गोष्ट मी ह्यांना आयुष्यभर ऐकवली.

पावसात ती काढायची नाही, हा ह्यांचा कायदा. कारणही खरं होतं. भरतीला खाडीचं पाणी रस्त्यावर यायचं, आणि खारं पाणी लोखंडाला लागलं की काय होतं ते मिठागरावरच्या मुलीला कुणी शिकवायला नको. माझ्या माहेरी खिळेसुद्धा दोन पावसाळे काढत नसत. ह्यांचा मात्र माझ्या माहितीवर विश्वास नव्हता. पाणी मारायला मला लावायचे आणि स्वतः गुडघ्यावर बसून चाकाच्या पोटात टॉर्च मारून बघायचे. “अगो, खालून मार पानी, खालून! वरची धूल कोनपन धुतंय.” मग गोडं पाणी बादल्या बादल्या, आतल्या कानाकोपऱ्यात, चिखलाचा शेवटचा गोळा गळून पडेपर्यंत.

त्यानंतर ती उन्हात सुकायची. पापड वाळत घातलेल्या चटईशेजारी चारी दारं उघडी टाकून उभी असायची, कोंबड्या आत चढायच्या. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा राहत नाही आणि घाम धरत नाही. बंपरला ग्रीस. बॅटरी काढून घरात, फळीवर. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा, नाहीतर उंदीर तिथं संसार थाटतात. आत कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. काचा बोटभर खाली, त्या फटीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. हँडब्रेक सोडलेला, कारण ओढून ठेवला तर चार महिन्यांत आतल्या आत चिकटून बसतो. मग जॅक लावून एकेक बाजू उचलायची आणि खाली फणसाच्या लाकडाचे ठोकळे सारायचे. शेवटी सासूबाईंची विरलेली सुती लुगडी, त्यांच्यावर ताडपत्री. लुगडी अंगाला, ताडपत्री वर. उलटं केलं तर रंगाला बुरशी येते. हे सगळं मला कुणी समजावून सांगितलं नाही. “हे धर, ते दे, इकरं नको, तिकरं” ह्यातून जेवढं कानावर पडलं तेवढं राहिलं.

सासूबाईंना हे कौतुक बघवत नसे. त्यांच्या आगोटीपेक्षा गाडीची आगोट मोठी व्हायला लागली होती. एका वर्षी आमच्या माळ्यावर गळती लागली. बोंबलाचे भारे, सुकटीचं गाठोडं, जवळा, सगळं ओलं होणार म्हणून म्हातारी दिवसभर घरात कोरडी जागा शोधत फिरली. तिला एकच कोरडी जागा सापडली. कुणाला न सांगता तिनं ताडपत्री उचलली, लुगडं उचललं आणि वर्षभराची सुकी मासळी मागच्या सीटवर नीट रचून परत सगळं झाकून टाकलं. कालवणापुरते बोंबील ती कुठून आणते, ह्याचा आम्हाला पत्ता नव्हता. दसऱ्याला ह्यांनी दार उघडलं, आणि मागच्या मागे दोन पावलं सरकले.

“आये, काय केलंस गो ह्या?”

“मंग? चार मयने बसून हाय ती,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “बसल्या बसल्या जरा राखन केली तं काय झिजली काय तुजी गारी?”

ह्यांनी सीट सोलून काढली, उन्हात टाकली, लिंबू चोळलं, उदबत्त्या लावल्या. काही उपयोग झाला नाही. माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तिची पाठवणी ह्याच गाडीतून झाली. शालू नेसलेली पोरगी मागं बसली आणि जावईबापूंनी हळूच काच खाली केली. सासूबाई तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांना फार आनंद झाला असता.

हसू येतं, पण ते आता फार वेळ टिकत नाही. परवा शेडचं दार उघडलं तेव्हा समोर आधी भाताची खाचरं होती हे मला क्षणभर आठवेचना. आता तिथं गोडाऊनांच्या लांबच लांब पत्र्याच्या भिंती आहेत. ट्रक दिवसभर ये-जा करतात आणि धुरळा उडून आमच्या ओट्यावर बसतो. हे खुर्चीत बसलेले असतात, उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे मी ठेवलेला. मी बादली उचलली की ते माझ्याकडे बघतात आणि मी म्हणते, “बघू नका, मदत करा.” आमची ही थट्टा जुनी झाली आहे, तरी ते दर वेळी अर्ध्या ओठांनी हसतात.

मला खरं सांगायचंय ते एकाच वर्षाच्या मे महिन्याबद्दल. त्या वर्षी होळीच्या सुमाराला ह्यांना झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि कप का पडला हे त्यांना सांगता येईना. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मग हॉस्पिटल, कॉरिडॉरमधलं बाकडं, डब्यातलं गार जेवण, कुणी ना कुणी भेटायला येणं आणि त्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगणं. घरी आणल्यावर तर माझा दिवस आणि रात्र एकच झाली. उठवा, बसवा, भरवा, पुसा, कूस बदला. रडायला वेळ नव्हता असं बायका म्हणतात तेव्हा मला ती बढाई वाटायची. ती बढाई नसते. खरंच वेळ नसतो, आणि असला तर झोप लागते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. काठी घेऊन चालतील, बोलणं पुष्कळसं सुधारेल. मी विचारलं, “आणि गाडी?” दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही मला. त्यांनी मान हलवली. “गाडीचं विसरा. पाय साथ देणार नाही, नजरही एका बाजूनं कमी झालीय.” मी बरं म्हटलं आणि घरी येऊन भात लावला.

आणि त्याच आठवड्यात ह्यांच्या तोंडून पहिलं सलग वाक्य निघालं. आधी नुसते तुटके शब्द यायचे, पानी, नको, उजेड. त्या दिवशी त्यांनी शेडकडे मान वळवली आणि सावकाश, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, “दस... ऱ्याला... कारू.”

दसऱ्याला काढू. घरातले सगळे आनंदले. मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “हो तर, काढू की.” दुसरं काय म्हणणार होते? व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातात स्टीलची थाळी दिली होती, दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायची. त्या थाळीचं ह्यांनी स्टिअरिंग केलं. उजवा हात सुटून पडायचा, डाव्यानं उचलून परत काठावर लावायचे, पुन्हा फिरवायचे, घामाघूम व्हायचे. दुसऱ्या कुठल्याही व्यायामाला “नय” म्हणायचे, थाळीला कधी नाही. मी दारात उभी राहून ते बघायची. आता जाऊन त्यांना खरं सांगावं, तर थाळी खाली पडणार आणि तिच्यासोबत माणूसही. न सांगावं, तर दसरा काही टळत नाही. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज त्यांनी थाळी हातात घेतली की गप्प बसायचे.

मुलगी तुळिंजला राहते. ती दर रविवारी यायची, येताना फळं आणि सल्ले घेऊन. एकदा स्वयंपाकघरात माझ्यामागं दार लोटून म्हणाली, “आई, प्रॅक्टिकली विचार कर ना. पप्पा आता चालवणार आहेत का? विरारला एकजण आहे, लग्नाच्या शूटिंगसाठी जुन्या गाड्या घेतो. अच्छी हालत में ठेवतो तो. नाहीतर इथं सडून जाईल ती.”

“आणि त्यांना काय सांगू?”

“सांगू ना काहीतरी. सर्व्हिसिंगला दिलीय.”

“ते रोज शेडकडे तोंड करून बसतात, बाळा.”

“मग खुर्ची फिरव!” ती एकदम चिडून म्हणाली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तीही थकली होती. तिचं घर, तिची नोकरी, वर आमची धावपळ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं होतं आमचं.

गाडी विकायच्या विचारानं मला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. एवढं एक ओझं तरी कमी होईल. एक मोठं जड काहीतरी, जे धुवावं, पुसावं, उचलावं, झाकावं लागणार नाही. माझ्याकडे तसलं एक होतंच की. मी मुलीला सांगितलं, ह्या वर्षी नेहमीसारखी निजवते, त्यांच्या समाधानासाठी. पावसात जरा अंगात जोर आला त्यांच्या की मीच सांगेन, आणि मग घेऊन जाऊ दे त्या माणसाला. ठरलं. मनातल्या मनात मी गाडीला निरोप देऊन टाकला होता.

निजवायचा दिवस उजाडला. भुईगावचे फ्रान्सिसभाऊ दरवर्षी ह्या कामाला यायचे, ह्यांचे नोकरीतले जोडीदार. त्या वर्षीही आले, केळ्यांचा घड घेऊन. ह्यांना खुर्चीत बघून घड कुठं ठेवावा तेच त्यांना कळेना, हातात धरूनच उभे राहिले. मग एकदम कामाला लागले. ह्यांचे मात्र हुकूम सुरू. तोंड वाकडं, शब्द अर्धे, पण आवाजातला तोरा जसाच्या तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

“खा... लून. खालून मार.”

“खालूनच मारतेय. दिसत नाही का?”

“नय... दिसत.”

खरंच दिसत नव्हतं, त्या बाजूचं. मी पाइप घेऊन दुसऱ्या अंगाला गेले.

फ्रान्सिसभाऊंनी जॅक लावला. मी ठोकळे सारले. मधेच कमरेतून अशी कळ आली की मी तिथंच चाकाशेजारी बसून राहिले. ओल्या मातीचा आणि ग्रीसचा वास येत होता. मला वाटलं, इथंच राहावं, ह्या सावलीत, गाडीच्या पोटाखाली, सगळ्यांना वाटू दे की मी काम करतेय. फ्रान्सिसभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनी, राहू द्या. उरलेलं मी करतो.”

“तुम्ही करून गेलात तर हे मला रात्रभर तपासायला लावतील.”

“ते खरं आहे,” ते म्हणाले आणि दोघंही हसलो. ह्यांनी खुर्चीतून संशयानं आमच्याकडे पाहिलं.

ठोकळ्यांवर गाडी नीट बसल्यावर ते हात धुऊन, संध्याकाळच्या मिस्साला चर्चमध्ये जायचं म्हणून निघाले. जाताना ह्यांच्या चांगल्या खांद्यावर थोडा वेळ हात ठेवून उभे राहिले. मग आम्ही दोघंच उरलो. बॅटरी घरात नेली, पाला आत टाकला, गोळ्या ठेवल्या. ऊन कलंडलं होतं. आता लुगडी पांघरायची की झालं, आणि चहा, आणि ह्यांचं औषध, आणि जरा पाठ टेकायची. मी लुगड्याची घडी उलगडली.

“थांब,” हे म्हणाले.

“आता काय राहिलं?”

“शिट.”

पुढच्या सीटच्या खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्यांवर सीट मागंपुढं सरकते. हे उंच, म्हणून सीट कायम पार मागं ढकललेली. मला वाटलं पट्ट्यांना तेल लावायचं राहिलं. मी तेलाची कुपी घेऊन आत वाकले, दोन्ही पट्ट्यांवर सोडलं. “लावलं तेल. झालं?”

“पुरं घे.”

“काय?”

“शिट. पुरं घे. पार.”

पुढं घ्या म्हणे. मी कंटाळले होते. “अहो, कशाला? दसऱ्याला परत मागंच करायची ना? तुमचे एवढे लांब पाय कुठं मावणार?” इतके दिवस बोलून बोलून खोटं माझ्या तोंडात बसलं होतं. ते बोलताना मला आता काहीच होत नसे.

ह्यांनी मान हलवली. डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, बोलण्याआधी ठेवायचे तसा. “पावसात गंजल,” ते म्हणाले, मोठ्या कष्टानं. “जतं हाय ततंच चिकटल. मंग नय सरकनार.” थांबले. दम घेतला. “मना नय. तुना. तुजं पाय नय पोचत.”

मी गाडीत वाकलेली होते, तशीच राहिले. त्यांना नाही, मला. म्हणजे आता गाडी चालवता येणार नाही हे त्यांना माहीत होतं. कधीपासून, कुणी सांगितलं, की कुणी सांगावंच लागलं नाही, मी विचारलं नाही त्यांना, आजही विचारलेलं नाही. थाळी फिरवत होते ते स्वतःसाठी की माझ्यासाठी, तेही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. एक ओझं उतरवायला निघाले होते मी, आणि ह्या माणसानं तेच माझ्या नावावर करून टाकलं. ज्या गाडीत मला कधी काचसुद्धा स्वतःची खालीवर करू दिली नाही, ती. पन्नाशी उलटलेल्या, कंबर मोडलेल्या बाईला. आणि एवढा राग येऊनही मी सीटची पाठ सोडली नाही.

पुढं मी चालवायला शिकले, रडतखडत, गावातल्या लोकांच्या चेष्टा ऐकत, दोन कोंबड्यांचे शाप घेत. विरारच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला गाडी नको होती, दसरा नको होता, शिकायला काहीही नको होतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

मी सीटखालचा दांडा ओढला. सीट हलेना. पाय रोवून, सगळा जोर लावून ढकलली, तेव्हा करकरत पुढं आली, पार टोकापर्यंत. मग दार धरून मी आत चढले. ठोकळ्यांवर उचललेली गाडी, त्यामुळे नेहमीपेक्षा उंच. साडी सावरून बसले आणि डावा पाय पुढं केला. क्लच थंड होता आणि दाबायला जड.

“पोचला?” बाहेरून ह्यांनी विचारलं.

“पोचला,” मी म्हटलं.